पोढी, पूल आणि पेढी : मावळातील मुंबई–पुणे रस्त्याचा इतिहास व काही आठवणी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुन्या काळाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. संस्थेच्या उभारणीत ज्यांनी तन-मन-धन वेचले त्यांच्याविषयी इतर मान्यवर अधिकारवाणीने लिहितीलच. मी व्यवसायाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहास संशोधक म्हणवून घेण्याचा अधिकार मला नाही. तथापि ज्या रस्त्याच्या आधाराने आपल्या तीन-चार पिढ्या मावळात स्थिरावल्या, त्या जुन्या मुंबई–पुणे रस्त्याविषयी आपल्या समाजाच्या एखाद्या प्रकाशनात चार पाने असावीत, ही इच्छा अनेक वर्षांपासून मनात होती. ती या निमित्ताने पूर्ण करीत आहे.

संपूर्ण मुंबई–पुणे रस्त्याचा इतिहास सांगणे हा येथे हेतू नाही. खंडाळ्याच्या घाटमाथ्यापासून देहूरोडपर्यंतचा, लोणावळा, कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव आणि सोमाटणे या गावांना जोडणारा सुमारे चाळीस किलोमीटरचा टप्पा आणि त्यास लागून असलेला बोरघाट, एवढीच मर्यादा मी घालून घेतली आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील माणूस बाजारहाटासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि दवाखान्यासाठी अखेर याच रस्त्यावर येतो.

दोन हजार वर्षांची वाट

कोकणातून देशावर चढून येण्याच्या सह्याद्रीतील ज्या मोजक्या वाटा प्राचीन काळापासून वापरात आहेत, त्यांत बोरघाटाचे स्थान मोठे आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावरील बाजारपेठांकडे जात असे. या वाटेच्या दोन्ही अंगांना कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाखाली कोंडाणे अशी लेणी कोरली गेली, हा योगायोग नाही. जेथे तांडे थांबत तेथे भिक्षू राहत, आणि जेथे भिक्षू राहत तेथे प्रवाशाला आसरा मिळे.

ही लेणी बौद्ध परंपरेची आहेत. परंतु त्यांच्या भिंतींवरील ब्राह्मी लेख वाचणारास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, ती म्हणजे त्यांत राजांच्या बरोबरीने व्यापारी आणि कारागीर भेटतात. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वैजयंती, म्हणजे आजचे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, आणि जंबुद्वीपातील उत्तम असे त्याचे वर्णन लेखात कोरलेले आहे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे गणले जाते. आतील खांबांवर दात्यांची नावे आहेत. कोणी सोपाऱ्याचा, कोणी धेनुकाकटाचा, तर काही चक्क यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे. एका दरवाजाचे दान एका गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दिले आहे. बेडसे येथे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचे, पुष्यणकाचे नाव आढळते. कोठले नाशिक, कोठली बनवासी! परंतु व्यापाराच्या वाटेवरच्या या मुक्कामाशी त्यांचे नाते जडले आणि त्यांनी आपल्या मिळकतीतील वाटा येथे दगडात ठेवला.

याहून मला अधिक भावतात ते पाण्याचे लेख. डोंगरात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला त्या काळी 'पोढी' म्हणत. भाजे येथे महारठी कौशिकीपुत्र विण्हुदत्त याने पोढी दान दिल्याचा लेख आहे. बेडसे येथील टाक्यावर सामडिनिका या महारठिनीचे नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मावळातील एका स्त्रीने वाटसरूंच्या व भिक्षूंच्या तहानेची चिंता केली आणि तिचे नाव आजही वाचता येते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा लेख मात्र कामशेतच्या परिसरातील पाले गावाजवळच्या डोंगरात आहे. सुमारे साठ वर्षांपूर्वी तो अभ्यासकांच्या दृष्टीस पडला आणि थोर पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. लिपीवरून तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानला जातो. त्याचा आरंभ 'नमो अरहंतानं' या शब्दांनी होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणे व पोढी करविली, असा त्याचा आशय आहे. आपण नित्य म्हणतो त्या नवकार मंत्राच्या पहिल्या पदाशी हे शब्द जुळतात, म्हणून या लेखास महाराष्ट्रातील जैन धर्माच्या अतिप्राचीन पुराव्यांत स्थान दिले जाते. 'अरहंत' आणि 'भदंत' हे दोन्ही शब्द बौद्ध परंपरेतही आहेत, त्यामुळे काही अभ्यासक त्याविषयी सावधपणे बोलतात, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. वाद विद्वानांनी सोडवावा. आपण एवढेच पाहावे की त्या दात्याने आपल्यामागे दोन गोष्टी ठेवल्या, एक निवारा आणि एक पाण्याचे टाके. आणि दोन्हींची नोंद करून ठेवली. नोंद नसती तर ते लेणे म्हणजे डोंगरातील एक निनावी पोकळी राहिली असती.

तुकोबांचा मावळ आणि १७७९ सालची लढाई

हाच रस्ता पुढे देहूच्या परिसरातून जातो. संतश्रेष्ठ तुकाराम महाराज हे वाण्याचे दुकान चालविणाऱ्या घराण्यातले. दुष्काळात घर आणि धंदा दोन्ही मोडून पडल्यावर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीच्या डोहात बुडविली, असे वारकरी परंपरा सांगते. पुढे त्यांची गाथाही त्याच नदीत बुडविली गेली आणि ती तरली, अशी श्रद्धा आहे. आम्हा व्यापाऱ्यांना या दोन कथा एकत्र ऐकताना अंतर्मुख व्हायला होते. कोणता कागद बुडावा आणि कोणता तरावा, याचा निर्णय तुकोबांनी आपल्या आचरणाने दिला. आषाढीच्या वारीत त्यांची पालखी देहूहून आकुर्डीमार्गे पुण्यास जाते, तेव्हा याच जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर वारकऱ्यांना पाणी देण्यासाठी सर्व समाजांची माणसे उभी राहतात.

अठराव्या शतकात तळेगाव हे सेनापती दाभाडे यांचे ठाणे होते. खंडेराव दाभाडे यांना १७१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी सेनापतिपद दिले. त्यांच्या पत्नी उमाबाई यांनी पती व पुत्र यांच्या निधनानंतर सेनापतिपदाचा कारभार पाहिला. त्यांच्यामुळे तळेगावचे नाव मराठ्यांच्या इतिहासात कायमचे कोरले गेले.

पुढे रघुनाथराव पेशव्यास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या डिसेंबरात बोरघाट चढून आली. तीत सुमारे ३,९०० शिपाई होते, आणि त्यांचे सामान ओढण्यासाठी १९,००० च्या आसपास बैल. एवढ्या बैलांना चारा-पाणी पुरविता पुरविता फौजेची चाल दिवसाला दोन-तीन किलोमीटरवर आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्यास 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले होते आणि वडगावात त्याची समाधी आहे. शत्रूच्या शौर्यालाही नाव देऊन ते जपणारी ही माती आहे. महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजांनी समोरासमोर भिडण्याऐवजी इंग्रजांचे दाणापाणी तोडले. ९ जानेवारीस इंग्रज तळेगावात पोहोचले तेव्हा गाव जाळून रिकामे केलेले होते. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात अवजड तोफा तळ्यात टाकून त्यांनी माघार घेतली आणि वडगाव येथे कोंडीत सापडून तह पत्करला. वडगावचे विजयाचे स्मारक आपण येता-जाता पाहतो. ज्या वाटेवर दाणा आणि पाणी मिळत नाही ती वाट मोठ्या फौजेलाही पार करता येत नाही, हा त्या स्मारकाचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

१८३० चा घाटरस्ता आणि लोहमार्ग

१८१८ साली पेशवाई संपली. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा पक्का रस्ता करण्यात आला. १८३० च्या जानेवारीत आरंभ होऊन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो वाहतुकीस खुला झाला. खंडाळ्याजवळचा दगडी कमानींचा जुना पूल त्याच वर्षीचा. विसाव्या शतकात त्यावर लागलेल्या वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' हेच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्यानंतर आला लोहमार्ग. पुणे–खंडाळा ही रेल्वे १८५८ साली सुरू झाली. परंतु मधला घाट फोडावयाचा होता. पाच वर्षे प्रवाशांनी घाटाखाली खोपोलीस आगगाडीतून उतरावे, डोलीतून वा तट्टावरून घाट चढावा आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसावे, असा क्रम होता. १८५९ साली घाटाच्या कामाचा ठेका घेणारे सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत मरण पावले. त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी इंजिनिअर नेमून तो ठेका पुरा केला. २५ बोगदे खोदण्यात आले. १८६१ साली या कामावरील मजुरांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती. पटकी, हिवताप आणि सुरुंगांचे अपघात यांत असंख्य मजुरांनी प्राण गमावले. १८६३ साली घाटातून गाडी धावली.

त्या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्यांच्या वतीने जणू एकच नाव घाटात शिल्लक आहे, ते शिंग्रोबाचे. घाटाचा मार्ग इंग्रज अधिकाऱ्यांना एका धनगराने दाखविला आणि बक्षिसाऐवजी त्यास मृत्यू मिळाला, अशी लोककथा आहे. जुन्या घाटातील त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर गाडी हळू करतो आणि नाणे टाकून पुढे जातो. सरकारदरबारी ज्याची नोंद झाली नाही, त्याची नोंद लोकांनी आपल्या परीने ठेवली.

पेढ्या, वह्या आणि धर्मादा

रेल्वेबरोबर मारवाड, गुजरात आणि कच्छ या भागांतील व्यापारी कुटुंबे रस्त्याकाठच्या गावांत येऊन राहू लागली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांची कहाणी येथूनच सुरू होते. किराणा, कापड, धान्य आणि सावकारी हे प्रमुख व्यवसाय.

या इतिहासाची एक बाजू कटू आहे, ती लपविण्याचे कारण नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून तो ओळखला जातो. जमावाचा रोख प्रामुख्याने मारवाडी व गुजराती सावकारांवर होता, आणि मागणी एकच होती, कर्जखते आणि वह्या आमच्या स्वाधीन करा. ती जाळण्यात आली. पुढे सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. वही ही विश्वासाची नोंद असते तशीच ती एखाद्याच्या गळ्यातला फासही होऊ शकते, हा धडा त्या काळातील शहाण्या व्यापाऱ्यांनी घेतला. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावाशी पुन्हा जे नाते जोडले, ते शब्दाला जागून, मापात चोख राहून आणि अडीनडीला उभे राहून जोडले.

माझे आजोबा तट्टावर कापडाचे गाठोडे लादून नाणे व पवन मावळातील वाड्या-वस्त्यांवर फिरत. लुगडी, खण, धोतरजोडी, मांजरपाट हा माल. उधारीची फेड भाताच्या सुगीनंतर. मावळाचे अर्थकारण भातावर चाले. प्रथम आंबेमोहोर, आणि १९८७ नंतर रस्त्याकाठच्या वडगाव येथील संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले इंद्रायणी वाण. भात चांगले पिकले की त्या वर्षी लग्ने अधिक, आणि लग्ने अधिक की कापडाची विक्री अधिक, एवढा साधा तो हिशेब होता.

आमच्या घरी त्या काळच्या काही लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत. त्यांत प्रत्येक विक्रीमागे काही पैसा 'धर्मादा' खात्यास जमा केलेला आढळतो. जुन्या व्यापाऱ्यांना ही पद्धत नवी नाही. धर्मादा ही दुकानदाराची मिळकत नसून तो विश्वस्त म्हणून सांभाळलेला पैसा, अशी धारणा होती. त्या खात्याच्या खर्चाच्या बाजूस उन्हाळ्यातील पाणपोईचे रांजण, पाणी भरणाऱ्याची मजुरी, पांजरपोळास चारा आणि मुक्कामास आलेल्या वाटसरूंचा शिधा अशा नोंदी आहेत. भाजे-बेडशाची पोढी आणि वहीतील रांजण यांत मला एकच परंपरा दिसते. फरक एवढाच की ते लेख दगडात आहेत आणि हे वाळवी लागणाऱ्या कागदावर.

याच रस्त्यावर सामुदायिक दानाचा आणखी एक थोर प्रयोग झाला. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. स्वदेशीचे व्रत घेतलेल्या तरुणांनी तेथे काचकामाचे शिक्षण घेतले आणि देशात अन्यत्र कारखाने काढण्यास हातभार लावला. एका पैशाची पावतीही इतिहास घडवू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या तालुक्यात दुसरे नाही.

आणि १९५४ सालच्या डिसेंबरात याच रस्त्यावरील देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ज्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी लेणी खोदली गेली तीच ती वाट, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कापड व्यापाऱ्याच्या नजरेतून

माझ्या लहानपणी हा रस्ता दुपदरी होता. दोन्ही बाजूंना वड आणि चिंचेची झाडे. वडील महिन्यातून एकदा आगगाडीने मुंबईस जात. मुळजी जेठा मार्केटमध्ये माल पसंत करून गाठी लॉरीत चढविल्या की टपालाने बिल्टी येई आणि ती दाखवून माल सोडवून घ्यावा लागे. नगरपालिकांच्या हद्दीवर जकात नाके होते आणि लॉऱ्यांच्या रांगा लागत. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली तेव्हा आम्ही व्यापाऱ्यांनी निःश्वास टाकला.

या कापडाशी मावळाचे आणखी एक नाते आहे, ते आजच्या पिढीस सहसा ठाऊक नसते. लोणावळा परिसरात टाटांनी तलाव बांधले, त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीस नळांतून नेऊन १९१५ साली वीजनिर्मिती सुरू केली आणि ती वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरविली. मावळात पडलेल्या पावसावर मुंबईचे माग चालत, आणि त्या मागांवरचे कापड पुन्हा घाट चढून आमच्या दुकानात येई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हे चक्र थांबले. ओळखीचे गिरणीछाप लठ्ठे व धोतरे हळूहळू दिसेनाशी झाली. त्यांची जागा भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवरील मालाने घेतली. पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, त्याच लोकलने मी पुण्यास जाऊन पदवी घेतली होती. वाणिज्याच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याचा जो नियम वाचला, तो दुकानात उभे राहून त्या वर्षी प्रत्यक्ष पाहिला.

पावसाळा हा या रस्त्याच्या परीक्षेचा काळ. घाटात दरड कोसळली की लोणावळ्यापासून मागे लॉऱ्यांची रांग कामशेतपर्यंत येई. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका जुलै महिन्यात दोन दिवस वाहतूक ठप्प झाली होती. ड्रायव्हर-क्लीनर भिजलेले, खिशात पैसे असूनही खावयास काही नाही. वडिलांनी दुकानातील मोकळी जागा उघडून दिली. शेजारच्या हॉटेलवाल्याने चूल पेटविली, किराणा दुकानदाराने तांदूळ व डाळ दिली, पंक्चर काढणाऱ्या मुसलमान चाचांनी कंदील आणले आणि आमच्या आई-काकूंनी खिचडी रांधली. कोणी सभा घेतली नाही की ठराव केला नाही. पुढे कित्येक महिने त्यांतील एक पंजाबी ड्रायव्हर जाता-येता दुकानासमोर गाडी हळू करून हात वर करीत असे. वहीत त्या खर्चाची एकच ओळ आहे, 'धर्मादा खाते, पावसातील गाड्यांचे लोकांस, तांदूळ व सरपण.'

द्रुतगती मार्ग आणि जुना रस्ता

कळंबोली ते किवळे हा सुमारे ९५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. देशातील असा हा पहिला मार्ग. मुंबईचे अंतर तासांनी कमी झाले, अपघातग्रस्तांना मोठ्या रुग्णालयात लवकर नेता येऊ लागले. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वाहनांचा लोंढा वळला आणि रस्त्याकाठची अनेक हॉटेले, गॅरेजे, टपऱ्या ओस पडल्या. प्रवासी आमच्या गावांवरून जाण्याऐवजी गावांच्या बाजूने जाऊ लागला. पुढे जुना रस्ताही रुंद झाला, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चा क्रमांक ४८ झाला, वड आणि चिंचा तुटल्या. घाटातील कोंडीवर उपाय म्हणून खोपोली ते कुसगाव या नव्या जोडमार्गाचे काम २०१९ साली सुरू झाले.

आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ते निर्मनुष्य असताना, अमृतांजन पूल नियंत्रित स्फोटांनी पाडण्यात आला. त्याचे खांब द्रुतगती मार्गावरील वाहतुकीस अडथळा ठरत होते, त्यामुळे निर्णय समजण्यासारखा होता. तरीही १९० वर्षे उभी असलेली वास्तू काही क्षणांत नाहीशी झाली. दगडी पुलाची ही गत, तर कागदाच्या वह्यांची काय कथा?

आपले कर्तव्य

आज या जुन्या रस्त्याशी आपल्या समाजाचे सर्वांत जिवंत नाते आहे ते साधू-साध्वींच्या विहाराचे. द्रुतगती मार्गावर पायी चालण्यास मनाई आहे, त्यामुळे मुंबई–पुणे विहार जुन्या रस्त्यानेच होतो. पहाटेच्या अंधारात, अनवाणी, रस्त्याच्या कडेने चालणारे हे पूज्य जीव आणि शेजारून भरधाव जाणारी वाहने, हे दृश्य पाहून काळजात धस्स होते. निरनिराळ्या महामार्गांवर विहार करताना अपघाताने साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचनात आल्या आहेत. आपल्या ट्रस्टने गेली पन्नास वर्षे उतरण्याची जी सोय सांभाळली आहे, ती इंद्ररक्षिताच्या लेण्याची आणि पोढीचीच परंपरा आहे. आता त्यापुढे जाऊन, विहारात सोबत चालणाऱ्या तरुणांची पाळी लावणे, त्यांस चमकणारे पट्टे व दिवे देणे आणि मुक्कामांमधील अंतर कमी करण्यासाठी शेजारच्या गावांतील संघांशी बोलणी करणे, ही कामे हाती घ्यावीत, असे मला मनापासून वाटते. याच सोयींचा लाभ दिंडीतील वारकऱ्यास, पायी शाळेत जाणाऱ्या मुलीस आणि रस्त्यावर राबणाऱ्या मजुरासही होईल.

दुसरी विनंती वह्यांविषयी. हिशेब संगणकावर गेले, २०१७ साली जीएसटी आला, दुकानांची नूतनीकरणे झाली आणि माळ्यावरील जुन्या वह्या रद्दीत जाऊ लागल्या. त्यांतील मोडी व महाजनी लिपी वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कोणाचे कोणास किती देणे होते, हा त्यांतील भाग आज निरर्थक आहे. तुकोबांच्या मार्गाने तो इंद्रायणीस अर्पण झाला तरी चालेल. परंतु धर्मादा खात्याची पाने म्हणजे आपल्या समाजाने या मातीस काय परत दिले, याचा एकमेव लेखी पुरावा आहे. कुटुंबांची खाजगी माहिती झाकून ती पाने ट्रस्टकडे जमा करावीत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि लिपी जाणणाऱ्यांकडून ती वाचून घ्यावीत. माझ्या घरातील वह्या मी या कामासाठी ट्रस्टच्या स्वाधीन करीत आहे.

या वाटेवर फौजा आल्या, गव्हर्नर आले, कंत्राटदार आले आणि गेले. ज्यांनी येथे पाणी आणि निवारा दिला आणि त्याची नोंद ठेवली, त्यांची नावे मात्र दोन हजार वर्षे टिकली. आपल्या वडीलधाऱ्यांनी दिले भरपूर; नोंद मात्र अपुरी ठेवली. ती पूर्ण करण्याचे काम सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या हातून घडो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!